कल्याण कॅम्पातले रणांगण

एम.ए.च्या वर्गात मर्ढेकर शिकवताना आपण सगळेच एक वाक्य उच्चारतो. 'दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर' अशी त्याची सुरुवात असते. वाक्य पुढे बरेच लांबते, महायुद्ध मात्र त्या पहिल्या तीन शब्दांतच आटोपते. त्यानंतर आपण थेट एलियटच्या लंडनला पोहोचतो. यंत्रयुग, मूल्यांचा ऱ्हास, एकाकीपण, संवेदनेचे विघटन हे शब्द फळ्यावर उमटतात, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि आपण त्यांना गुण देतो. मी स्वतः हे पंधरा-सोळा वर्षे केले आहे, तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यातला पहिला आरोप माझ्यावरच आहे. 'काही कविता' (१९४७) समजावून देण्यासाठी मी विद्यार्थ्यांना लंडनपर्यंत नेले. कल्याणच्या पुढच्या स्थानकावर एकदाही उतरवले नाही.

ज्या उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यात मी शिकवते, त्यातले उल्हासनगर हे महायुद्धाचेच अपत्य आहे. उल्हास नदीच्या काठी लष्कराने सैनिकांसाठी उभारलेला तळ, म्हणजे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प, हे या शहराचे मूळ. फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सत्तर-पंचाहत्तर वर्षे होऊन गेली, तरी येथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असेच सांगतो. रिक्षावाला तसेच विचारतो, पोस्टमन तसेच वाचतो. शहराने युद्ध जिभेवर जपून ठेवले आहे; ते विसरला तो मराठीचा प्राध्यापक.

चर्चासत्रांतून, प्रस्तावनांतून आणि परीक्षेच्या मार्गदर्शकांतून एक विधान इतक्या वेळा कानावर येते की त्याला पुरावा मागण्याचे कुणाला सुचत नाही. विधान असे: मराठी माणसाच्या वाट्याला युद्ध आलेच नाही, त्याचे अनुभव दुय्यम आणि ऐकीव होते, म्हणून मराठीत युद्धसाहित्य नाही. हे विधान मला नुसते चुकीचे वाटत नाही, सोयीचे वाटते. अनुभव नव्हता असे म्हटले की तो न पाहिल्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

या विधानाचा सगळा डोलारा 'युद्धाचा अनुभव' या शब्दांच्या एका अर्थावर उभा आहे. युद्धाचा अनुभव म्हणजे बंदूक, खंदक, रक्त. तो पुरुषाचा आणि तोही आघाडीवरचा. परंतु आपल्या भाषेत आघाडी या शब्दाला पिछाडी असा एक जोडीदार आहे. पिछाडीला जे घडते तेही युद्धच असते. तिथे रेशनची रांग असते, अंधाराचे हुकूम असतात, महिन्याकाठी येणारी मनीऑर्डर असते, आणि विशी-बाविशीतली अशी माणसे असतात ज्यांना ऐन प्रेम करण्याच्या वयात असे निर्णय घ्यावे लागतात की शांततेच्या काळात ते कधीच समोर आले नसते. लग्न आत्ता उरकावे की तो परत आल्यावर? परत आलाच नाही तर? घर चालवण्यासाठी नोकरी धरली तर जमलेले लग्न मोडेल काय? या प्रश्नांना आपण साहित्यात 'कौटुंबिक' म्हणतो आणि वेगळ्या कप्प्यात टाकतो.

आता महाराष्ट्राच्या पिछाडीला काय काय घडत होते ते पाहू. जपान युद्धात उतरल्यावर बॉम्बच्या भीतीने हजारो कुटुंबांनी मुंबई सोडून गावची वाट धरली. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. 'रेशन', 'ब्लॅक', 'कंट्रोल' हे शब्द घराघरांत गेले ते कायमचे. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याने भरलेले जहाज उडाले आणि शेकडो माणसे मेली. युद्ध आलेच नाही म्हणणाऱ्यांनी तो दिवस डोळ्यांसमोर आणावा. १९४२ साली स्थापन झालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअरमध्ये देशभरातून दहा हजारांहून अधिक स्त्रिया दाखल झाल्या. त्यांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचा भरणा मोठा होता हे खरे. पण रेशनिंगच्या कचेऱ्यांत, टेलिफोनच्या खात्यात आणि लष्कराच्या हिशेबी कामांत ज्या मुली पहिल्यांदा पगाराच्या वहीवर सही करू लागल्या, त्यांत आपल्याही होत्या.

ही पगाराची सही मला फार महत्त्वाची वाटते. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' मधून शिकलेल्या मुलीच्या मनातली घुसमट मांडली, आणि तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपण विद्यार्थ्यांना रंगवून सांगतो. पुढच्या दहा वर्षांत युद्धाने त्याच कळ्यांतल्या कित्येकींच्या हाती पैसा दिला. त्यासोबत त्यांना लोकलचा प्रवास, कचेरीतले परके पुरुष, घरात नवे वजन आणि नवा संशयही मिळाला. निःश्वासांचे काय झाले? धाकट्या भावांची फी भरता भरता कितीजणींचे लग्नाचे वय उलटून गेले? वाङ्मयेतिहासाच्या कुठल्या प्रकरणात हा प्रश्न विचारला आहे? १९३३ आणि नवकथा यांच्यामध्ये आपण एक पूल टाकतो आणि त्याखालून वाहणारे युद्ध न पाहता पलीकडे जातो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे आणि ते वजनदारही आहे. त्या काळातल्या तरुण लेखकाचे युद्ध वेगळे होते, ते बेचाळीसचे होते. साम्राज्याचे युद्ध त्याला आपले वाटणेच शक्य नव्हते. म्हणून त्याची लेखणी भूमिगतांकडे वळली, 'विशाखा'ने (१९४२) पेटली. हे मला मान्य आहे. पण ते मान्य केले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्यांनी लिहिले त्यांना ते युद्ध परके होते. ते ज्यांना परके नव्हते, किंवा परके मानणे परवडत नव्हते, ते कोण होते? हिंदी सैन्यात त्या काळात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे स्वेच्छेने भरती झाली असे आपण वाचतो. स्वेच्छा हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. कोकणातल्या आणि देशावरच्या कोरडवाहू गावात स्वेच्छेचे दुसरे नाव पोट असे होते. १९४१ साली महार रेजिमेंटची पुनःस्थापना झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ज्या समाजाला सैन्यातली नोकरी हा माणूसपणाचा एक दाखला वाटत होता, त्याच्या दृष्टीने युद्धाचा अर्थ पुण्याच्या आणि गिरगावच्या लेखकाला वाटत होता तो नव्हता. तेव्हा 'मराठी माणसाला युद्धाचा अनुभव नव्हता' या वाक्यातला 'मराठी माणूस' कोण, हे एकदा स्वच्छ सांगावे. तो लिहिणारा मराठी माणूस आहे. ज्याची बायको गावात पत्राची वाट पाहत होती आणि आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घेत होती, तो मराठी माणूस या वाक्यात बसत नाही.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना मारले गेले. वय होते बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि शौर्याची हकिकत पाठ असणारी माणसेही आहेत. बावीस वर्षांच्या मुलाचे घर, त्या घरातली तरुण माणसे, पुढे त्यांच्या वाट्याला आलेली पन्नास वर्षे, यांवर एखादी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. पुतळा उभारला की गोष्ट लिहिण्याची जबाबदारी फिटते अशी आपली समजूत दिसते.

मग आपल्याकडे आहे काय? आहे 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मराठीतली श्रेष्ठ कादंबरी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वाद आहे तो आपल्या वाचनाशी. आपण ती 'आंतरराष्ट्रीय' म्हणून वाचतो. युरोप, ज्यूंची ससेहोलपट, बोट, वंशद्वेष हे सारे दूरचे, आणि मराठी कादंबरीने एवढे दूर जाऊन दाखवले याचा आपल्याला अभिमान. परंतु तिच्यातला खरा कसोटीचा क्षण दूर कुठेही घडत नाही. तो मुंबईच्या बंदरात घडतो. चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही, तिला पुढे जावे लागते. एकाला घर आहे, दुसरीला नाही, आणि दोघांचे प्रेम या एका फरकापुढे टिकत नाही. हा निर्णय रणभूमीवरचा नाही. जे सुरक्षित किनाऱ्यावर आहेत त्यांनी कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बोटीवरच सोडायचे याचा तो निर्णय आहे, म्हणजेच शुद्ध पिछाडीचा. चक्रधरची उदासी आपण वर्गात तासभर शिकवतो. त्याने आणखी काय करता आले असते हा प्रश्न मात्र 'साहित्यबाह्य' ठरतो.

दुसरे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'लव्हाळी'चे (१९६६). युद्धकाळातल्या मुंबईत, चाळीत राहणाऱ्या एका साध्या कारकुनाच्या रोजनिशीच्या रूपात ही कादंबरी उलगडते. महागाई आणि नोकरीची धास्ती यांच्यात लव्हाळ्यासारखी वाकून तग धरणारी माणसे तिच्यात आहेत. घरच्या आघाडीची कादंबरी म्हणून जिचे नाव पहिले घ्यावे ती ही. पण पेंडसे म्हटले की आपल्याला कोकण आठवते आणि पाठ्यक्रमात 'गारंबीचा बापू' येतो. प्रादेशिक या खुंटीवर लेखकाला एकदा टांगले की त्याने केलेले शहराचे लेखन आपल्याला दिसेनासे होते.

या दोन्हींच्या आजूबाजूला आहे फडके–खांडेकर परंपरेतले प्रेम. खांडेकरांची थोरवी मला नाकारायची नाही. पण त्या परंपरेने प्रेमातल्या पेचाला एक साचा दिला: एका बाजूला प्रेम, दुसऱ्या बाजूला ध्येय; आणि वाचकाला आधीच ठाऊक की ध्येय जिंकणार आणि प्रेम सुंदर रीतीने हरणार. युद्ध आले की हा साचा फार कामी येतो. ध्येयाच्या जागी देश घातला की झाले. १९६२ नंतर, १९६५ नंतर, १९७१ नंतर आणि १९९९ च्या कारगिलनंतर किती कथा-कविता याच साच्यातून निघाल्या! त्यांत ती त्याला ओवाळते, तो जातो, ती वाट पाहते, बातमी येते आणि ती डोळ्यांत पाणी येऊ न देता मुलाला सैन्यात पाठवण्याचे ठरवते. युद्ध आले की बाईच्या कपाळाकडे पाहायचे ही आपली जुनी सवय आहे. कपाळामागच्या डोक्यात काय चालले आहे हे आपण विचारत नाही. खरा पेच प्रेम आणि देश यांच्यात क्वचितच असतो. तो प्रेम आणि भाडे, प्रेम आणि बहिणीचे लग्न, प्रेम आणि जात, प्रेम आणि पेन्शन यांच्यात असतो.

आता पुन्हा कॅम्पात येऊ. लष्करासाठी बांधलेल्या लांबलचक बराकी एकेका कुटुंबासाठी नव्हत्या. एका छपराखाली अनेक कुटुंबे राहिली. मध्ये भिंती नव्हत्या, गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे होते. त्या पडद्यांच्या अलीकडे-पलीकडे एक पिढी वयात आली. जिथे खोकलासुद्धा खासगी नव्हता तिथे अठरा वर्षांच्या मुलीने कुणाला मनातले काय आणि कसे सांगितले असेल? हैदराबाद-कराचीत ठरलेली, फाळणीने मोडलेली किती लग्ने त्या पडद्यांआड कायमची मिटली असतील? सुंदरी उत्तमचंदाणी, पोपटी हिरानंदानी या सिंधी लेखिकांनी विस्थापनातली स्त्री लिहिली. पोपटीबाईंच्या आत्मचरित्राला १९८२ चा आणि सुंदरीबाईंच्या कथासंग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघींची कर्मभूमी मुंबई. तुलनात्मक साहित्याच्या पेपरात आपण फ्रेंच आणि रशियन नावे मोठ्या हौसेने घालतो. ज्यांच्या दुकानातून आपण वह्या-पेनं आणतो त्या शेजाऱ्यांची भाषा मात्र आपल्याला तुलनेच्या लायकीची वाटत नाही.

आणि हे एकट्या उल्हासनगरचे नाही. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया आणि मुले. रशियातल्या छळछावण्यांतून सुटून आलेल्या मुली पंचगंगेच्या काठी शाळेत गेल्या, तरुण झाल्या. छावणी उठली तेव्हा बहुतेकजणी गेल्या. काही मोजक्या येथे लग्न करून राहिल्या आणि कोल्हापूरकर झाल्या. म्हणजे हॅर्टाला जे करता आले नाही ते प्रत्यक्षात महाराष्ट्रात कुणीतरी केले होते! मागाहून त्या रिकाम्या छावणीतही सिंधी निर्वासितच आले आणि गांधीनगर वसले. एका छावणीत लागोपाठ दोन देश गमावलेली माणसे राहून गेली. एवढी कथा दारात असताना आपण म्हणतो, युद्ध आपल्याकडे आले नाही. कोल्हापूरच्या या आठवणीचे स्मारक वॉर्सात आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात तिच्यासाठी एखादी तळटीपही असू नये?

माझ्या या रागाचे निमित्त तसे अलीकडचे आहे. माझ्या वर्गात बदलापूरहून येणारी एक विद्यार्थिनी होती. तिचे आजोबा अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीत आजी कशी बसून असे, हे तिला घरात ऐकून पाठ झाले होते. तिचे ज्या मुलावर प्रेम होते तो अग्निवीर म्हणून भरती झाला. २०२२ साली आलेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची. पुढे चारांतला फार तर एक कायम होतो, बाकीच्यांना ठरलेली एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. तिच्या घरच्यांचा प्रश्न सरळ होता: चार वर्षांनी काय? मुलाच्या शौर्याबद्दल कुणाला शंका नव्हती, शंका होती ती पाचव्या वर्षाबद्दल. २०२५ च्या मे महिन्यात, ज्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले त्या आठवड्यात, ती शेवटच्या बाकावर फोन उलटा ठेवून बसे आणि दर दहा मिनिटांनी तो सुलटा करून पाही. मी तिला हटकले नाही.

तास संपल्यावर ती आली आणि म्हणाली, "मॅडम, आपल्या अभ्यासक्रमात अशी एखादी गोष्ट आहे का? म्हणजे, जी घरी थांबते तिची?"

मी तिला 'रणांगण' दिली. दुसरे काही सुचले नाही. आठवड्याने तिने पुस्तक परत आणले. आवडले का, असे विचारल्यावर म्हणाली, "खूप आवडलं. पण मॅडम, तो बोटीवरून उतरला आणि मग दुःख करत बसला. ज्यांना उतरता येतं त्यांचंच दुःख का लिहितात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. समीक्षेची परिभाषा माझ्या मदतीला धावून आली नाही. चक्रधरच्या अस्तित्ववादी पेचाविषयी मी जे काही शिकवत आले होते ते त्या एका वाक्यापुढे पोकळ वाटले. पुढे तिने काय ठरवले हे येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ठरवले ते तिने, आणि तिला त्यासाठी साहित्याची कसलीही मदत झाली नाही, एवढे मी जबाबदारीने सांगू शकते.

कुणी म्हणेल, साहित्य काय सल्लाकेंद्र आहे? नाही. पण ज्या माणसांच्या अनुभवाला भाषेत जागा नसते, त्यांना आपला पेच हा पेच आहे हेही पटत नाही. ते त्याला नशीब म्हणतात. 'हे मोठे युद्ध आहे आणि तू त्याच्या मध्यभागी उभी आहेस' असे एखाद्या चांगल्या कादंबरीने त्या मुलीला सांगितले असते, तर तिचा निर्णय कदाचित तोच राहिला असता. पण तो घेताना ती इतकी एकटी नसती. साहित्याकडून याहून अधिक मी मागत नाही, आणि याहून कमी मागणाऱ्यांनी ते शिकवू नये.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. चांगली कलाकृतीच नसेल तर शिकवायचे काय? पण 'लव्हाळी' आहे. सिंधी कथा अनुवादित करता येतात. लष्करात गेलेला बाप किंवा चुलता आपल्या दलित आत्मकथनांत ठिकठिकाणी भेटतो. त्याच्यामागे घर कसे चालले हे त्याच पानांवर लिहिलेले आहे, आपण ते केवळ जातीच्या प्रश्नाखाली वाचतो म्हणून युद्ध निसटते. आणि जे लिहिलेच गेले नाही ते गोळा करता येते. आमच्या पट्ट्यात बराकींत वाढलेली माणसे अजून आहेत, कारखान्याच्या वसाहतीत संसार केलेल्या आज्या आहेत. प्रकल्पाच्या नावाखाली दरवर्षी आपले विद्यार्थी जुन्या प्रबंधांची नक्कल करून आणतात. त्याऐवजी प्रत्येकाने एका आजीजवळ बसून तिची एक दुपार लिहून आणली, तर दहा वर्षांत एक ग्रंथ उभा राहील. ही माणसे थांबणार नाहीत. बराकी तर बऱ्याचशा गेल्याच. त्यांच्या जागी इमारती आल्या.

एका अभ्यासक्रम-बैठकीत मी हे सारे बोलून पाहिले. ऐकून घेतले गेले, चहा आला, आणि 'युद्ध आणि साहित्य' या घटकाखाली पूर्वीच्याच वीररसाच्या कविता कायम झाल्या. असो. अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो, हे मला कळते. वर्गातले वाक्य बदलायला लागत नाही. यंदा मर्ढेकर शिकवताना 'दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर' असे म्हणून झाले की मी थांबणार आहे आणि वर्गाला विचारणार आहे: तुमच्यापैकी कॅम्पात कोण राहते?